आजीआजोबा आणि मुलांना घेऊन एक दिवस किल्ल्यावर : कॉनवी (उत्तर वेल्स) जमेल का?

पावसाळी_भटकी

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. सासूसासरे साताऱ्याहून दीड महिन्यासाठी आलेत. मेअखेर मुलांना शाळेची आठवडाभर सुट्टी आहे, त्यात एक दिवस किल्ला बघायचा असं सर्वानुमते (म्हणजे बाबांच्या मते) ठरलंय.

बाबा ७१ वर्षांचे. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाणारे. इथं आल्यापासून त्यांना दोन वाडेवजा महाल आणि एक सुप्रसिद्ध बाग दाखवली. परतताना गाडीत म्हणाले, "छान आहे हो सगळं. पण तट कुठाय?"

तर अटी अशा. गाडीनं दोन तासांच्या आत. पडझड झालेला चालेल, पण किल्ला खराखुरा हवा, तैलचित्रं आणि मखमली खुर्च्या नकोत. आईंचे गुडघे दुखतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचाचा, आणि त्याला शू नेमकी सगळ्यात उंच जागी लागते.

कॉनवीचं नाव ऐकलंय. कुणी गेलंय का?

गोदाकाठ

डोळे झाकून कॉनवी. तुमच्याकडून साधारण सत्तर मैल. एम ५६ धरायचा, पुढं ए ५५ लागतो, मग समुद्र उजवीकडे ठेवून सरळ. एरवी दीड तास, सुट्टीच्या आठवड्यात दोन धरा आणि साडेआठला घर सोडा. किल्ल्याच्या अगदी शेजारी पार्किंग आहे, पण दहानंतर तिथं जागेसाठी घिरट्या घालाव्या लागतात.

रेल्वेनंही जाता येतं. कॉनवी स्टेशन गावाच्या तटाच्या आत आहे. गंमत म्हणजे तिथं गाडी मागितली तरच थांबते. चढायचं असेल तर फलाटावरून एसटीसारखा हात करायचा, उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगून ठेवायचं. आम्ही सांगायला विसरलो आणि पुढच्या गावात आइस्क्रीम खाऊन परत आलो.

चहाची_किटली

आईंसाठी लिहिते, माझ्या आईला नेलं होतं म्हणून. किल्ल्यात शिरायलाच चढ आहे, तो सावकाश चढायचा. आतलं पहिलं आवार मात्र मोकळं आहे. बुरुजांचे जिने नागमोडी, अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या. साडीत ते प्रकरण नकोच. बाबागाडी नेऊ नका, ती आधी तुमच्या डोक्यावर आणि मग तुमच्या नवऱ्याच्या डोक्यावर बसते.

वारा फार असतो. मे महिना असला तरी कानटोपी घ्या.

शंका_काढतो

आजोबांना आधीच एक कल्पना द्या, नाहीतर हिरमोड होईल. कॅसल म्हणजे आपला गड नव्हे. गड म्हणजे मुळात डोंगर, तटबंदी ही त्याची पुरवणी. राजगडाचा बालेकिल्ला चढताना आपण कातळाशी झुंजतो, भिंत शेवटी येते. कॉनवीचा खडक नदीच्या मुखाशी चार पावलांचा आहे. तिथं सगळं काम भिंतीनंच केलंय. उंची, धाक, अडचण, सगळं माणसानं रचलेलं. भुईकोट आणि जंजिरा यांच्या मधलं काहीतरी डोक्यात ठेवून गेलात तर जास्त मजा येईल.

हेमाडपंती

शंकाराव, "चार पावलांचा" जरा जास्त झालं, पण मुद्दा मान्य.

थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १२८२ मध्ये वेल्सचा राजपुत्र लुएलिन मारला गेला. पुढच्या मार्चमध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड कॉनवी नदीच्या खोऱ्यात उतरला आणि लगेच बांधकाम काढलं. १२८३ ते १२८७, म्हणजे चार वर्षांत आठ बुरुजांचा किल्ला आणि त्याला जोडून गावाभोवती सुमारे १.३ किलोमीटरचा तट, २१ बुरुज आणि तीन दरवाज्यांचा. खर्च अंदाजे १५,००० पौंड, त्या काळचे. मुख्य स्थपती आल्प्स पर्वतातल्या सॅव्हॉय प्रांतातला, मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. बांधकाम थंडीत बंद आणि वसंतात सुरू, त्यामुळे चार वर्षं म्हणजे खरं तर मोजकेच हंगाम.

जागा कशी निवडली तेही बघा. तिथं आधी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ होता आणि त्यात थोरल्या लुएलिनची, म्हणजे या लुएलिनच्या आजोबांची, समाधी होती. एडवर्डनं मठ उचलून खोऱ्यात वर हलवला. वेल्श राजाची समाधी होती तिथं इंग्रज राजाचं ठाणं आलं. त्यामागं समुद्रकिनाऱ्याचा हिशेब होताच. रसद जहाजानं आणता यायची.

कार्नार्वन, हार्लेक, ब्यूमॅरिस आणि कॉनवी हे चारही १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ब्यूमॅरिस १२९५ मध्ये सुरू झाला आणि कधी पुराच झाला नाही.

कुंभारवाडा

पुण्यातून वाचतोय. तिकीट काढून किल्ला बघायचा, वर कुणी मोठ्यानं गाणी लावलेली नसणार, कांदाभजी नसणार. मग किल्ल्यावर गेल्यासारखं वाटतं का? (खवचट प्रश्न नाही. थोडा आहे.)

पावसाळी_भटकी

सगळ्यांचे आभार! कॉनवी पक्कं. बाबागाडी रद्द. आईंनी साडीवर बूट घालायचं कबूल केलंय, पंजाबी ड्रेस मात्र नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि थर्मासमध्ये चहा. कुंभारवाडा, भजी करून नेऊ का तुमच्या नावानं?

आल्यावर लिहिते.

पावसाळी_भटकी

आलो! कालच गेलो होतो. वृत्तांत लांबलाय, चहा घेऊन बसा.

वेल्सची हद्द लागली तसे पाट्यांवर दोन भाषा सुरू झाल्या. रस्त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं, मुलीनं विचारलं. ते 'आराफ', म्हणजे हळू. बाबा खूश. "रस्त्यावर स्वतःची भाषा लिहितात म्हणजे माणसं कामाची दिसतात." मग कॉनवीला पोचेपर्यंत नवऱ्यानं ब्रेक दाबला की मागून कोरसमध्ये "आराऽऽफ".

किल्ला एकदम समोर येतो. नदीवरचा पूल ओलांडताना वळणावर तो आठ बुरुजांसकट उभाच राहतो. गाडीत कुणी काही बोललं नाही. पाच वर्षांचासुद्धा.

तिकीट काढून चढ चढलो. पहिल्या दरवाज्याशी बाबा थांबले. चप्पल काढली, उंबऱ्याच्या दगडाला हात लावून कपाळाला लावला. त्यांची सवयच आहे ती, कुठल्याही गडावर. मागं उभ्या असलेल्या एका कुटुंबानं अदबीनं वाट पाहिली. त्यांना वाटलं असेल आजोबांचा खडा काढायचाय.

मग पुढचा तासभर बाबांना आवरणं कठीण. दरवाज्याबाहेरचं छोटं आवार बघून म्हणाले, "हे गोमुखाचंच काम. शत्रूला आत घ्यायचं, पण धावू द्यायचं नाही." दिवाणखान्याला छप्पर नाही, एकेकाळी त्यावर दगडी कमानी होत्या, त्यातली एकच उरलीय. भिंत खडकाच्या कडेनं वाकलेली आहे, त्यामुळे खोली केळ्यासारखी वळते. विहीर खडकात ९१ फूट खोल. जाळीतून खाली बघून मुलानं विचारलं, "यात कुणी पडलं का?" आम्ही सगळ्यांनी वेगवेगळी उत्तरं दिली.

सगळ्यात आवडलं ते बाबांनी हेरलं. भिंतीला चौकोनी भोकं आहेत, बांधकामाच्या परांचीची. ती आडव्या ओळीत नाहीत, बुरुजाभोवती तिरकी चढत जातात. "ही अशी का?" तिथल्या कर्मचारी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सॅव्हॉयकडून आलेल्या कारागिरांची ही पद्धत. बुरुजाभोवती उताराची वाट बांधत न्यायची, म्हणजे दगड त्यावरूनच वर जातो. बाबा त्या भोकांखाली इतका वेळ उभे होते की आई म्हणाल्या, "आता मोजू नका."

एका बुरुजावर सगळे गेलो, आई सोडून. वर वारा असा की मुलाची टोपी उडून थेट आतल्या आवारात पडली, ती आईंनीच खाली उचलली. वरून एकीकडे खाडी, होड्या आणि टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल. पुलाचे मनोरे किल्ल्याला शोभतील असे मुद्दाम बुरुजासारखे केलेत. त्याला खेटून स्टीव्हन्सनचा रेल्वेपूल, १८४८ चा, लोखंडी नळीसारखा, गाडी त्या नळीतून जाते. दुसरीकडे तटानं वेढलेलं गाव. अशा भारलेल्या क्षणी मुलाला शू लागली, हे वेगळं सांगायला नकोच.

जेवायला धक्क्यावर गेलो. सीगलनं मुलाच्या हातातली पुरी नेली. तिखटमिठाची होती, पुढं त्याचं काय झालं माहीत नाही. धक्क्यावर ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं घर आहे, लाल रंगाचं, जेमतेम सहा फूट रुंद. १९०० पर्यंत त्यात राहणारा कोळी सहा फूट तीन इंच उंच होता. आई म्हणाल्या, "मुंबईत याचे दोन भाडेकरू केले असते."

दुपारी गावाच्या तटावर चढलो. ते फुकट आहे, आणि माझ्या मते किल्ल्याइतकंच भारी. दक्षिणेकडं तटातून बाहेर काढलेले बारा शौचकूप ओळीनं दिसतात. मुलांनी दिवसभरात सर्वांत जास्त फोटो त्यांचे काढले. बाबांनी सिंधुदुर्गाच्या तटातल्या शौचकूपांवर व्याख्यान दिलं, नातवंडांनी ते पूर्ण ऐकलं. हा विक्रम आहे.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. आई खाली बाकावर बसल्या होत्या. शेजारी एक स्थानिक आजोबा, काठीवाले. आम्ही उतरलो तोवर दोघांचं हातवाऱ्यांवर बरंच जमलेलं होतं. आजोबांना वेल्शमध्ये 'ताईद' आणि आजीला 'नाईन' म्हणतात हे आईंनीच मला सांगितलं. बाबांनी मला दुभाषी केलं आणि त्यांना म्हणाले, "तुमचा किल्ला फार सुंदर आहे." ते हसले. म्हणाले, सुंदर आहेच, पण आमचा नाही. आम्हाला गप्प बसवायला बांधलेला आहे. नवं गाव वसवलं तेव्हा तटाच्या आत इंग्रज आणून बसवले होते.

बाबा गप्प. मग त्या आजोबांनी १४०१ ची गोष्ट सांगितली. ओवेन ग्लिंडोर या वेल्श सरदाराचं इंग्रजांविरुद्ध बंड चालू होतं. गुड फ्रायडेला शिबंदी प्रार्थनेला चर्चमध्ये गेलेली. एक सुतार कामावर आल्यासारखं दाखवून किल्ल्यात शिरला, पहाऱ्यावरच्या दोघांना मारलं आणि दार उघडलं. बाहेर रिस आणि ग्विलिम हे तुदुर घराण्यातले भाऊ चाळीसेक माणसं घेऊन तयार होते. किल्ला घेतला.

बाबा उठून उभेच राहिले. "सूनबाई, सांग यांना. कोंडाजी फर्जंद. साठ माणसं. पन्हाळा, १६७३." मी सांगितलं. पुढचा पाऊण तास मी नुसती या कानातून त्या तोंडात. दोघांनी एकमेकांना किल्ले घेऊन दाखवले.

परतताना गाडीत मुलीनं विचारलं, "मग आज आपण शत्रूच्या किल्ल्यात होतो?" कुणाला उत्तर सुचेना. आईंना मात्र दुसराच प्रश्न पडलेला. "मग सकाळी उंबऱ्याला नमस्कार कुणाला केलात?"

बाबा ए ५५ वर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "गवंड्याला."

चहाची_किटली

अगं किती सुंदर लिहिलंयस! नाईन आणि हातवारे वाचून डोळ्यांत पाणी. आईंच्या बुटांचं काय झालं?

गोदाकाठ

+१. आणि सीगलला शुभेच्छा.

एक_पाय_बसमध्ये

मस्त वृत्तांत. पुढं जाणाऱ्यांसाठी भर. बुरुजांचे जिने घड्याळाच्या दिशेनं का वळतात ते मुलांना सांगा. चढणाऱ्याचा उजवा हात मधल्या खांबाला अडतो, उतरणाऱ्याची तलवार मोकळी राहते. आणि दरवाज्यावरची भोकं उकळतं तेल ओतायला.

शंका_काढतो

ही दोन्ही वाक्यं किल्ला बघायला आलेल्या प्रत्येक वडिलांनी आपल्या मुलांना सांगितलेली आहेत, मीही सांगितलीत. जिन्याची कथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पसरलेली समजूत आहे, मध्ययुगीन पुरावा नाही. उलट वळणारे जिनेही भरपूर आहेत. शिवाय शत्रू बुरुजाच्या जिन्यापर्यंत पोचला म्हणजे किल्ला जवळपास गेलेलाच असतो. आणि तेल महाग होतं हो. दगड आणि तापलेली वाळू असताना तेल कोण वाया घालवेल? आपल्याकडंही गरम तेलाच्या गोष्टी सांगतातच. कढई नेमकी कुठं ठेवायचे विचारलं की सांगणारा पुढच्या दरवाज्याकडं चालू लागतो.

बाकी, गवंड्याला नमस्कार हे ऐकायला छान आहे. पण एडवर्डनं इंग्लंडभरातून कारागीर आणि खणणारे सक्तीनं गोळा करून चेस्टरला आणले आणि तिथून वेल्समध्ये नेले. वेठीचेच म्हणा. आणि तुदुर बंधूंची गोष्टही अर्धीच सांगितली गेली. त्यांनी किल्ला जेमतेम तीन महिने ठेवला, मग स्वतःला माफी मिळवून परत दिला. अ‍ॅडम ऑफ अस्क हा त्या काळचा इतिवृत्तकार लिहितो, की सौद्यात आपल्याच नऊ माणसांना बांधून त्यांनी शत्रूच्या हाती दिलं. काठीवाले आजोबा हे बोलले नसतील.

कुंभारवाडा

शंकाराव, तुमच्याबरोबर सहलीला यायचं नाही हे नक्की.

पण मुलीच्या प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. आपल्याकडं किल्ला म्हटलं की 'आपला' हे गृहीतच असतं. पण पन्हाळा शिलाहारांच्या काळचा, मग यादव, बहामनी, आदिलशाही, मग आपण. देवगिरीचं तर विचारूच नका. किल्ला सगळ्यांचाच असतो, नाहीतर कुणाचाच नसतो. भावनेच्या भरात आपण एवढंच विसरतो.

हेमाडपंती

कुंभारवाडा, इतकं सोपंही नाही. पन्हाळ्याखालच्या माणसाला पन्हाळ्यानं आपल्याच गावातून बाहेर काढलं नव्हतं. कॉनवीत गावाचा तटच मुळी 'आत कोण' हे ठरवायला होता. हा फरक मोठा आहे. त्या आजोबांच्या बोलण्यात ७०० वर्षांनंतरही तो आहे, यात नवल नाही.

पण काळाची एक गंमत बघा. १६४६ मध्ये, राजा विरुद्ध संसद अशा इंग्लंडच्या यादवी युद्धात, संसदेच्या सैन्यानं तीन महिने वेढा घालून कॉनवी घेतला, पुढं त्याची थोडी मोडतोड केली. आणि १६६५ मध्ये त्याच्या मालकानं, लॉर्ड कॉनवेनं, छपरांचं शिसं आणि लोखंड विकायला उतरवून नेलं. म्हणून तुम्हाला दिवाणखान्यावर आभाळ दिसलं. त्याच सुमारास मालवणला कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं काम चालू होतं (मुहूर्त नोव्हेंबर १६६४) आणि तिथं पायाच्या दगडांत शिसं ओतत होते. एक किल्ला शिसं गमावत होता, एक भरून घेत होता. आजोबांना हे सांगा, आवडेल.

एक_पाय_बसमध्ये

तेलाचं मागं घेतो. जिन्याचं दुखतंय.

पावसाळी_भटकी

बाबांना अख्खा धागा वाचून दाखवला. शिशाची गोष्ट दोनदा वाचायला लावली. डायरीत तारखेसकट उतरवून घेतलीय.

नऊ माणसांचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मुलांना आत्ता नको सांगू. तिला बाराची होऊ दे." वेठीच्या गवंड्यांबद्दल मात्र लगेच उत्तर आलं, जसंच्या तसं देते: "शंकाराव म्हणतात ते खरं असेल. रायगडावर हिरोजी इंदुलकरांचं नाव पायरीवर आहे. या तिरक्या भोकांवरून दगड नेणाऱ्याचं नाव कुठंच दिसलं नाही. मग उंबऱ्याला हात लावला तर बिघडलं काय?"

मुलीनं शाळेत सुट्टीबद्दल लिहायचं होतं, त्यात लिहिलंय, की आम्ही शत्रूच्या किल्ल्यात गेलो आणि तिथं फार छान शौचालयं होती. बाईंनी काय शेरा दिला ते कळवते.

चहाची_किटली, बूट आईंना इतके आवडलेत की आता देवळातही तेच घालून जातात.

नवखा_नॉटिंगहॅम

नमस्कार, उशिरा आलो धाग्यावर. आम्हाला पण जायचंय, मुलगी दीड वर्षाची. पाठीवरची झोळी घेऊन बुरुजावर जाता येईल का? आणि किल्ल्यातच डबा खाता येतो का?

पावसाळी_भटकी

झोळी चालेल, पण जिन्यात तिचं डोकं वरच्या दगडाला लागणार नाही हे बघा. एकानं मागून चढा. त्यापेक्षा पुढं बांधायची झोळी बरी. डब्याचं तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्या. धक्क्यावर बसलात तर पुऱ्या झाकून ठेवा.